हॉस्पिटलमधले वायरलेस वेअरेबल

वायरलेस वेअरेबल म्हणजे पेशंटच्या मनगटावर, छातीवर, बोटाला किंवा घोट्याला लावायचं छोटंसं यंत्र, जे वायर न जोडता त्याची माहिती नर्सच्या टेबलावरच्या स्क्रीनवर पाठवत राहतं. यात खरंतर दोन वेगळी कामं आहेत, पेशंट कुठे आहे ते सांगणं आणि पेशंट कसा आहे ते सांगणं, आणि बरेचदा दोन्हींची सरमिसळ होते.

कुठे आहे ते शोधायला पेशंटला टॅग, म्हणजे सिग्नल देणारी छोटी पट्टी लावतात, आणि त्यासाठी आरएफआयडी (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिप), ब्लूटूथ, इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणारा प्रकाश) किंवा अल्ट्रा वाइडबँड (अंतर अचूक मोजणारा रेडिओ सिग्नल) वापरतात. ब्लूटूथ स्वस्त पडतं पण सिग्नल भिंतीतून जातो, त्यामुळे पेशंट शेजारच्या खोलीत दिसू शकतो, आणि पेशंट टॅगच्या हातावर झोपला तर सिग्नल आणखी कमी होतो कारण शरीरातलं पाणी तो शोषून घेतं. इन्फ्रारेड भिंत ओलांडत नाही, म्हणून खोली बरोबर कळते, पण टॅग पांघरुणाखाली गेला की संपलं. स्मृतिभ्रंश झालेले पेशंट नकळत बाहेर जाऊ नयेत आणि नवजात बाळाला कोणी उचलून नेऊ नये, यासाठी हे टॅग खूप कामाचे आहेत, बाळाच्या घोट्याचा पट्टा कापला तर लगेच अलार्म वाजतो.

कसा आहे ही गोष्ट जास्त अवघड. नॉर्मन होल्टर या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1940 च्या दशकात पाठीवर घेऊन फिरायचा ईसीजी ट्रान्समीटर, म्हणजे हृदयाचा आलेख रेडिओने पाठवणारं यंत्र, बनवलं, त्याचं वजन होतं साधारण 38 किलो! पुढे यंत्रं लहान झाली पण हवेत रेडिओ सिग्नलची गर्दी वाढली. 1998 मध्ये अमेरिकेत डॅलसला एका टीव्ही चॅनेलने डिजिटल प्रसारणाची चाचणी सुरू केली आणि बेलर मेडिकल सेंटरमधले हार्ट मॉनिटर बंद पडले, त्यानंतर 2000 साली तिथल्या सरकारने मेडिकल टेलिमेट्रीसाठी, म्हणजे पेशंटची माहिती वायरशिवाय पाठवण्यासाठी, वेगळ्या फ्रिक्वेन्सी राखून ठेवल्या.

आयसीयूमध्ये मॉनिटर सतत चालूच असतो, खरी गरज आहे साध्या वॉर्डात. तिथे नाडी, बीपी, ताप दर काही तासांनी बघतात आणि पेशंट नेमका दोन फेऱ्यांच्या मध्ये बिघडतो. छातीवरचा पॅच नाडी आणि श्वास सतत मोजतो, पण पेशंट बोलला, खोकला, कुशीवर वळला की आकडे उड्या मारतात. बोटावरचं ऑक्सिमीटर त्वचेतून लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश सोडून ऑक्सिजन मोजतं, हात गार असेल किंवा गडद नेलपॉलिश असेल तर ते गडबडतं, आणि त्वचा सावळी किंवा काळी असली तर ऑक्सिजन खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, यावर 2020 नंतर बरीच चर्चा झाली आणि व्हायलाच हवी होती.

या सगळ्यात मोठी डोकेदुखी अलार्मची. बहुतेक अलार्म खोटे निघतात, मग कान सरावतात आणि खऱ्या अलार्मकडेही दुर्लक्ष होतं. म्हणून काही ठिकाणी आकडा थोडा वेळ तसाच राहिला तरच अलार्म वाजवतात, किंवा एकेका आकड्यावर न जाता सगळ्यांचा मिळून स्कोअर काढतात. पण अलार्म वाजल्यावर नक्की कोणी धावायचं हे आधी ठरलेलं नसेल तर महागड्या सिस्टिमचाही उपयोग नाही.

बाकी कटकटी साध्या असतात, चार्जिंग संपतं, पॅचच्या गोंदाने खाज येते, टॅग गाऊनबरोबर धुलाईला जातो. आणि डिस्चार्जच्या वेळी टॅगवरून जुन्या पेशंटचं नाव काढायचं राहिलं तर नव्याची नाडी जुन्याच्या नावावर चढत राहते.