चकती, घर्षण आणि घाटाची झळ

चोर्ला किंवा अनमोड घाट उतरून गोव्यात आलेल्या गाडीच्या चाकाजवळ हात नेला की झळ लागते. एक टन वजनाची गाडी 600 मीटर खाली आणली, तर सुमारे 59 लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. एवढ्यात वीसेक लिटर पाणी उकळीला येईल. काही वाटा हवा आणि इंजिन उचलतात, उरलेला ब्रेकच्या माथी.

ही उष्णता बाहेर कशी काढायची, याच प्रश्नाभोवती डिस्क ब्रेकचा, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये (घासणाऱ्या अस्तरांत) आवळणाऱ्या ब्रेकचा, इतिहास फिरतो. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी 1902 मध्ये त्याचे पेटंट घेतले, पण तांब्याचे अस्तर चकतीवर घासून कर्कश किंचाळायचे. हर्बर्ट फ्रूड यांच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या अस्तराने आवाज आणि झीज दोन्ही कमी झाली. त्या अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याचे कळून ते हटेपर्यंत मात्र कित्येक दशके गेली.

1950 च्या दशकापर्यंत मोटारींत ड्रम ब्रेकचेच राज्य होते: फिरत्या डब्याला आतून शू नावाचे अस्तर लावलेले तुकडे दाबायचे. ड्रमची खोड अशी, की तापला की तो फुगून शूपासून लांब सरकतो आणि पेडल खाली जाते. शिवाय उष्णता आत कोंडते. चकती उघड्या वाऱ्यात फिरते, तापून जाड झाली तरी पॅडकडेच सरकते. दुसऱ्या महायुद्धात विमानांनी ती वापरली. 1953 मध्ये जग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर ल मॉंची 24 तासांची शर्यत जिंकली, तेव्हा मोटारवाल्यांचे डोळे उघडले. 1955 च्या सिट्रोएन डीएसच्या पुढच्या चाकांना, तर 1969 च्या होंडा सीबी 750 या मोटारसायकलला डिस्क आली. आता गोव्यातल्या कित्येक पायलटांच्या (मोटारसायकल टॅक्सीवाल्यांच्या) पिवळ्या मडगार्डवाल्या दुचाकींनाही ती दिसते.

झीज मात्र सुटलेली नाही. पॅड झिजावेत हे ठरलेलेच, कारण ते बदलायला स्वस्त. पण पॅड संपून खालची लोखंडी पट्टी घासू लागली की चकतीवर चरे पडतात. पावसाळ्यात उभ्या गाडीच्या बिडाच्या चकतीवर रात्रीत तांबूस गंज चढतो; तो पहिल्या दोन-चार ब्रेकांत निघून जातो, त्याचे फारसे मनावर घेऊ नये.

खरी काळजी ब्रेक ऑइलची. ते दमट हवेतले पाणी शोषते, आणि गोव्यात दमटपणाला काय तोटा! डॉट 3 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा 140 आहे. उतारावर सतत ब्रेक दाबून धरला तर कॅलिपरमधले (पॅड दाबणाऱ्या पकडीतले) ऑइल उकळते, वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पॅड चकतीला धरत नाहीत. म्हणून जुने ड्रायव्हर घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरतात, म्हणजे वेग इंजिनच रोखते.