जर्मन नावाचे डोके गळते की शेपूट?

एखाद्या बव्हेरियन कॅथलिक खेड्यातल्या माणसाची बाप्तिस्म्याच्या लॅटिन नोंदवहीत ‘योआनेस गेओर्गियुस’, लग्नाच्या नोंदीत ‘हान्स गेओर्ग’ आणि दफनाच्या नोंदीत ‘हान्स यॉर्ग’ अशी तीन नावे सापडली, तर वंशावळ लिहिणारा नवखा माणूस ती तीन निरनिराळी माणसे समजतो. पाद्री मात्र लॅटिनमध्ये लिहिताना एक रूप वापरत असे आणि बोलीभाषेत लिहिताना कानावर पडेल ते.

या रूपांमागे आघाताचा, म्हणजे उच्चारताना शब्दाच्या ज्या भागावर जोर पडतो त्याचा, एक साधा नियम बऱ्याच अंशी दिसतो. बायबल आणि संतांमुळे बाहेरून आलेल्या नावांत आघात बहुधा मधल्या किंवा शेवटच्या भागावर पडत असल्यामुळे त्यांचे डोके गळाले: योहानेसचा हान्नेस आणि हान्स, निकोलाउसचा क्लाउस, सेबास्टियानचा बास्टियान, काटारीनाची ट्रीने, इतकेच काय, बार्टोलोमेउसचा मेवेस. मूळच्या जर्मानिक नावांत आघात पहिल्या अक्षरावर असल्याने तिथे शेपूट गळाले. फ्रीडरिशचा फ्रिट्झ, लुडविगचा लुट्झ, हाइन्रिशचा हिन्झ आणि कोनराडचा कुन्झ झाला. शेवटची दोन नावे इतकी सरसकट ठेवली जात, की आपण ‘सोम्यागोम्या’ म्हणतो तिथे जर्मन माणूस आजही ‘हिन्झ आणि कुन्झ’ म्हणतो.

स्पेलिंगचा प्रश्न त्यामानाने किरकोळ आहे. कार्ल किंवा काटारीना ‘सी’ने लिहिले की ‘के’ने, यावरून माणूस वेगळा ठरत नाही. बर्लिनच्या १९०१ च्या शुद्धलेखन परिषदेने जर्मन शब्दांतल्या ‘टी’नंतरचा ‘एच’ काढला, पण व्यक्तिनामांत तो टिकून राहिला. कुरेंट या जुन्या जर्मन हस्तलिपीतले लहान ‘ई’ आणि ‘एन’ जवळजवळ सारखे दिसतात, ही अडचण खरी त्रासदायक.

पहिल्या नावावर तर फारसे विसंबूच नये. संगीतकार योहान सेबास्टियान बाख यांचे वडील योहान आम्ब्रोझियुस, तर भाऊ योहान क्रिस्टोफ आणि योहान याकोब; अशा घरात ओळख पटवायची ती दुसऱ्या नावानेच.

स्त्रियांच्या नावांत दोन्ही टोके तुटतात. एलिझाबेटची एल्झे होते, लिझबेट होते आणि बेट्टीही. मार्गारेटेची ग्रेटे होते आणि मार्गाही. म्हणून एकाच पुरुषाच्या मुलांच्या नोंदींत आई आधी एल्झे आणि तीन वर्षांनी बेट्टी दिसली, तर दुसरे लग्न गृहीत धरण्यापूर्वी मधल्या काळात पहिलीच्या दफनाची नोंद आहे का, ते तपासावे.