दोन पी: रेघेअलीकडचा आणि पलीकडचा

लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर "एक थ्री-ट्वेंटी-एट द्या" म्हणायचं (म्हणजे एटीमेगा३२८, कोड भरून चालवायची मायक्रोकंट्रोलर चिप), मिळेल ती डिप खिशात टाकायची आणि घरी बूटलोडर (पुढे कोड चढवू देणारा छोटा प्रोग्रॅम) चढला नाही की दुकानदाराच्या नावानं बोटं मोडायची. चिप बहुतेकदा ठणठणीत असते. नंबर अर्धाच सांगितलेला असतो.

एटीमेगा३२८-पीयू आणि एटीमेगा३२८पी-पीयू. पी दोन्हींत दिसतो, तिथेच घोळ होतो. रेघेनंतरचा पी पॅकेजचा: ब्रेडबोर्डवर बसणारी २८ पिनांची प्लास्टिक डिप. रेघेआधीचा पी सिलिकॉनचा: पिकोपॉवर, म्हणजे वीज वाचवणारी आवृत्ती. "पी म्हणजे प्रोग्रॅम केलेली" ही निव्वळ थाप. कारखान्यातून चिप कोरीच येते आणि १ मेगाहर्ट्झवर चालते.

दोन्हींत फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी, पिनांची जागाही तीच. फरक कळतो तो सिग्नेचर, म्हणजे चिपच्या आतला ओळखक्रमांक, वाचताना. पीवाली १ई ९५ ०एफ सांगते, बिनपीची १ई ९५ १४. आर्डुइनो ऊनो आर३ या बोर्डावर पीवाली असते, म्हणून आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये ऊनो निवडल्यावर एव्हीआरड्यूड (चिपमध्ये कोड भरणारा प्रोग्रॅम) पहिलीच सिग्नेचर मागतो आणि दुसरी दिसली की हात वर करतो. अशा वेळी मिनीकोर (त्याच सॉफ्टवेअरमध्ये या चिपांची भर घालणारं पॅकेज) टाकून व्हेरियंटमध्ये ३२८ निवडा, किंवा थेट कमांड देत असाल तर पार्ट म्हणून एम३२८पी ऐवजी एम३२८ लिहा. काम संपलं.

"मायनस एफ लावून टाक" हा, सिग्नेचर जुळली नाही तरी एव्हीआरड्यूडला पुढे ढकलण्याचा, सल्ला मात्र डोक्यात जातो. त्यानं ही चिप चालेलही, पण तपासणीच बंद होते. उद्या वायर सुटल्यामुळे किंवा क्रिस्टल (चिपला ठोका देणारा भाग) न लागल्यामुळे सिग्नेचर ०० ०० ०० आली, तरी तो तिथे न थांबता पुढे जाईल आणि तुम्ही चूक भलतीकडे शोधत बसाल.

बॅटरीवर चालणारं काही करत असाल तर पीवालीच घ्या. चिप झोपताना ब्राउन-आउट डिटेक्टर (व्होल्टेज घसरलं की चिप रीसेट करणारा भाग) कोडमधून बंद करण्याची सोय तिच्यातच आहे. बिनपीच्या चिपसाठी त्याचं फंक्शन स्लीप_बॉड_डिसेबल लिहिलंत तर कोड कंपाइलच होत नाही. तिथे फ्यूज (कोडबाहेरची, चिपमधली सेटिंग) बदलून डिटेक्टर कायमचा बंद करणं एवढंच हाती उरतं.

बाकीची अक्षरं किरकोळ. यू म्हणजे शिसं नसलेली, उणे ४० ते ८५ अंशांची. एयू म्हणजे ३२ पिनांची चपटी, दोन अ‍ॅनालॉग पिना जास्त. शेवटी आर असला तर तोच माल रीळवर.

३२८पीबी मात्र या किरकोळीत धरू नका. ती वेगळीच चिप आहे, सिग्नेचर १ई ९५ १६, आणि डिपमध्ये मिळत नाही. एयूच्या जुन्या बोर्डावर ती बसते, चालतेही. पण ३२८पीची ३ नंबरची पिन ग्राउंड असते, पीबीत तीच पीई० ही इनपुट-आउटपुट पिन आहे. कोडनं तिला आउटपुट करून हाय केलं की ती पिन थेट ग्राउंडला शॉर्ट.