आळशी नाना आणि चालढकल करणारा मी

माझा चुलतभाऊ नाना आमच्या अमळनेरकडच्या गावात आळशी म्हणून प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात गुंडाळून घरी आणायच्या ठिबकच्या नळ्या त्याने बांधावरच सोडल्या आणि पावसाळ्यापर्यंत उंदरांनी त्या कुरतडून टाकल्या. मी विचारलं तर निंबाखालच्या बाजेवरूनच म्हणाला, "राहू दे ना भो, नव्या आणू." मग कूस बदलून झोपला. हेवा वाटावा अशी झोप.

तेव्हा माझंही एक काम पडून होतं. वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस नोंद करायची होती. मृत्यूचा दाखला घरात होता, अर्जाचा कागद होता, तलाठी कार्यालय मोटारसायकलवर दहा मिनिटांवर. जमिनीत हक्क मिळाला की ३ महिन्यांत कळवा, असं महसूल कायदा सांगतो. माझे ७ झाले होते. या काळात मी गोडाऊन झाडून घेतलं, विळ्यांना धार लावून आणली, खताची जुनी बिलं तारखेवार लावली. रात्री पाठ टेकली की मात्र तो अर्ज आठवायचा. आई विचारायची आणि मी म्हणायचो, "सकाय करसू." सकाळी करतो, म्हणजे उद्या.

घरात दोघांना एकच शब्द लागला, आळशी. मला तो झोंबला. नानाला काही वाटलं नाही, आणि खरा फरक तिथेच आहे. आळशाला काम करायचंच नसतं, म्हणून न केल्याचं ओझंही नसतं. चालढकल करणाऱ्याला काम करायचं असतं, न केल्याने आपलंच नुकसान होणार हेही माहीत असतं, तरी तो ते पुढे ढकलतो. पिअर्स स्टील या मानसशास्त्रज्ञाने २००७ मध्ये चालढकलीची व्याख्या जवळपास अशीच केली आहे. आपल्याकडे हा भेद फार जुना. पतंजलीने योगातली ९ विघ्नं मोजताना 'आलस्य' आणि 'स्त्यान' वेगवेगळे मोजले. त्याच्या सूत्रांवरच्या भाष्यात आलस्य म्हणजे शरीर आणि मन जड होणं, तर स्त्यान म्हणजे मनच कामाला नकार देणं. स्त्यान म्हणजे हुबेहूब चालढकल, असं मी म्हणणार नाही, पण सगळं न करणं एकाच पोत्यात भरू नये, हे त्यांना कळलं होतं.

मग करायचं असूनही हात का चालत नाही? टिमोथी पिचिल आणि फ्युशा सिरॉइस यांनी २०१३ मध्ये मांडलं की माणूस कामापेक्षा त्या कामाने मनात उठणाऱ्या नकोशा भावनेला टाळतो. मी स्वतःकडे पाहिलं तेव्हा पटलं. अर्जात दोन पानांपलीकडे काही नव्हतं, पण फेरफार मंजूर झाला की सातबाऱ्यावरून वडिलांचं नाव जाणार होतं. मी टाळत होतो ते हे. विळ्यांना धार लावताना असलं काही आठवत नाही.

ढकलल्यावर लगेच बरं वाटतं, हीच खोड. १९९७ मधल्या एका अभ्यासात टाइस आणि बाउमाइस्टर यांना दिसलं की चालढकल करणारे विद्यार्थी सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होते. शेवटी ताण त्यांनाच जास्त आला आणि गुणही कमी पडले.

हे दोन्ही नसलेलं एक तिसरंही आपल्याकडे दिसतं. भाव वाढेल म्हणून शेतकरी कापूस घरात भरून ठेवतो, त्या कापसाने अंगाला खाज सुटली तरी विकत नाही. बाहेरचा म्हणेल, बघा, ढकलतोय. पण तो हिशोब करून थांबलाय. हिशोब चुकेलही, तो भाग वेगळा. आणि मे महिन्यात ४४-४५ अंशांत भुसावळचा माणूस दुपारी दार लावून झोपतो, त्याला आळशी म्हणणाऱ्याने एकदा बारा वाजता स्टेशनबाहेर उभं राहून बघावं.

उपायही त्यामुळे वेगळे. नानाला कुणीतरी दारात येऊन उभं राहावं लागतं. वेचणीच्या मजूरबाया सकाळी येऊन थांबल्या की तो चहा न पिता उठतो. माझ्यावर कुणी ओरडलं की मात्र अर्ज आणखी जड व्हायचा. २०१० मध्ये पिचिल आणि सहकाऱ्यांनी ११९ विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात, पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. आईला हे वाचून दाखवलं तर हसेल. पण शेवटी तिनेच, न रागावता, "फक्त नाव लिही, बाकी राहू दे" असं म्हणत अर्ज माझ्यापुढे ठेवला. नाव लिहिल्यावर बाकीचंही लिहून झालं. कार्यालयात सोबत नाना आला होता, बाकावर बसल्या बसल्या पेंगला.

वडिलांचं बँकेतलं खातं अजून तसंच आहे. पासबुक टेबलाच्या खणात आहे. खण मी मागच्या आठवड्यात छान आवरलाय.