वाळलेल्या अळीवरचा न मेलेला जंतू

फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांसारख्या शोभेच्या माशांना किंवा परसातल्या कोंबड्यांना मीलवर्मच्या वाळक्या अळ्या घालून झाल्या की बरेच जण नुसते हात झटकतात आणि पुढच्या कामाला लागतात. समजूत अशी, की एवढी कुरकुरीत वाळलेली वस्तू, तिच्यात कसले आलेत जंतू? युरोप-अमेरिकेत याच अळ्या भिजवून गळाला लावतात, बागेतल्या पक्ष्यांना घालतात. समजूत तिथेही तीच, आणि ती चुकीची आहे. का चुकीची, ते कळलं की आवराआवर कोणत्या क्रमाने करायची हेही कळतं.

मीलवर्म ही टेनेब्रिओ मोलिटर या भुंगेऱ्याची अळी. जुन्या पिठात सापडणारे तांबडे भुंगेरे याच कुळातले. वाळलेल्या अळीत साधारण निम्मी प्रथिनं आणि पाव हिस्सा किंवा थोडी जास्त चरबी असते. पाणी इतकं कमी, की तिच्यावर कोणताही जीवाणू वाढू शकत नाही. पण वाढ थांबली म्हणजे जीवाणू मेला असं नव्हे.

मुख्य धोका साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जीवाणूचा. तो प्रत्येक पाकिटात असतो असं नाही. चांगले उत्पादक अळ्या आधी गरम पाण्यातून काढतात आणि मग वाळवतात. पण नंतरच्या हाताळणीत, उंदरांच्या लेंड्यांतून किंवा कारखान्यातल्या धुळीतून तो पुन्हा चढू शकतो, आणि चढला की वाळक्या पदार्थात महिनोन्महिने तग धरतो.

हे त्याला जमतं कसं? उष्णतेने जीवाणू मरतो तो मुख्यतः त्याची प्रथिनं उलगडल्यामुळे. प्रथिनाची साखळी ठरावीक घडीत राहते ती हायड्रोजन बंधांमुळे. भोवती पाणी असलं की तापलेले पाण्याचे रेणू हे बंध तोडतात, त्यांच्या जागी स्वतः जुळतात आणि साखळीला हालायला जागा मिळते. घडी एकदा मोडली की प्रथिनं एकमेकांत गुंतून गोठतात, अंडं उकडताना होतं तसंच. आता पाणी काढून घ्या. वाळू लागल्याची चाहूल लागताच साल्मोनेला पेशीत ट्रेहॅलोज नावाची साखर साठवतो. निघून गेलेल्या पाण्याच्या जागी ही साखर प्रथिनांशी बंध जुळवते आणि पेशीतला द्रव घट्ट होत होत काचेसारखा होतो. चिक्कीतला शेंगदाणा जसा जागचा हलत नाही, तशी प्रथिनं त्यात अडकून बसतात. घडी उलगडायलाच वाव नसतो. म्हणून ओल्या पदार्थात ७० अंश सेल्सिअसला काही सेकंदांत मरणारा हाच जीवाणू पिठात वाळलेला असेल तर तेवढ्याच तापमानाला बराच वेळ, कधी कधी तासभरही टिकतो. २००८-०९ मध्ये अमेरिकेत ४६ राज्यांत ७१४ जण साल्मोनेलाने आजारी पडल्याची नोंद झाली. त्या साथीचं मूळ होतं पीनट बटर, म्हणजे जवळजवळ निर्जल पदार्थ.

यावरून दोन गोष्टी निघतात. अळ्या तव्यावर परतून किंवा कडक उन्हात ठेवून ‘शुद्ध’ होत नाहीत. हळद किंवा कडुनिंबाचा पाला टाकूनही होत नाहीत, आणि पाकिटावरच्या ‘शंभर टक्के नैसर्गिक’ या शब्दांना तर इथे काहीच अर्थ नाही, कारण साल्मोनेलाही नैसर्गिकच आहे. जंतू मारायचा तर पाणी आणि उष्णता एकत्र हवी. तेव्हा द्यायच्या तेवढ्याच अळ्या वाटीत घ्या, त्या बुडतील इतकं उकळतं पाणी ओता आणि दहा-पंधरा मिनिटं झाकून ठेवा. त्या मऊही होतात आणि साल्मोनेलाही मरतो. बॅसिलस जातीच्या जीवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक कवचातली सुप्त रूपं, मात्र यातूनही वाचतात आणि ओलाव्यात पुन्हा वाढू लागतात, म्हणून भिजलेल्या अळ्या दोन तासांत वापरा, उरल्या तर टाकून द्या.

दुसरी गोष्ट आवरण्याची. सांडलेला भुगा घरातल्या नेहमीच्या ओल्या फडक्याने पुसणं ही सगळ्यात मोठी चूक. एकदा पुसून फडकं ओट्यावर टाकलं की त्यात पाणी, प्रथिनं आणि आपल्याकडची तीस अंशांची हवा तिन्ही एकत्र येतात. वाळलेल्या जीवाणूला सावरायला थोडा वेळ लागतो. त्यानंतर दर पाऊण तासाला संख्या दुप्पट होते असं धरलं, तर साडेसात तासांत दहा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे हजार. सकाळी त्याच फडक्याने पोळपाट पुसला जातो.

म्हणून भुगा किंचित ओलसर केलेल्या टिश्यू पेपरने टिपा आणि कागद लगेच कचऱ्यात टाका. केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. वाटी, चिमटा, चमचा स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न धुता मोरीत धुवा, आणि ही भांडी वेगळीच ठेवा. आधी साबण आणि गरम पाण्याने घासा, कारण अळीची चरबी प्लॅस्टिकवर पातळ थर धरते आणि त्याखाली जंतूंना आसरा मिळतो. मगच ब्लीच. हा क्रम उलटा केला तर ब्लीचमधलं सोडियम हायपोक्लोराइट प्रथिनांतल्या अमीन गटांशी जुळून क्लोरामाइन बनण्यातच खर्च होतं, आणि जंतूंसाठी फारसं उरत नाही. बाटलीवर ४ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर थंड पाण्यात २५ मिलिलिटर घाला. त्याने साधारण १००० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांचं द्रावण होतं. दहा मिनिटं बुडवा, खळखळून धुवा, पूर्ण वाळवा. द्रावण रोज ताजं करा. संडास साफ करायचं आम्ल किंवा व्हिनेगर यात कधीही मिसळू नका. विषारी क्लोरीन वायू निघतो. फडकं वापरलंच असेल तर पाच मिनिटं पाण्यात उकळा.

‘९९.९ टक्के जंतूंचा नाश’ या जाहिरातीवरही विसंबू नका. दहा लाखांतले ९९.९ टक्के मेले तरी हजार उरतात. तेलकट भुग्याने माखलेल्या हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. साबण लावून वीस सेकंद हात चोळा, नखांखालीही. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर हे काम त्याच्या हाती देऊ नका. पक्ष्यांची खाद्यपात्रंही अशीच धुवायची. २०२१ मध्ये अमेरिकेत पाइन सिस्किन या छोट्या पक्ष्यांमध्ये साल्मोनेला पसरला, आणि त्याच प्रकाराने १२ राज्यांतली २९ माणसं आजारी पडली.

ॲलर्जीचा मुद्दा वेगळा आहे, तिथे ब्लीचवर भरवसा ठेवू नका. अळीच्या स्नायूंतलं ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबीतल्या आणि घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किडींमधल्या ट्रोपोमायोसिनशी इतकं मिळतंजुळतं असतं, की कोळंबी न चालणाऱ्या माणसाला या भुग्यानेही शिंका, खाज किंवा धाप लागू शकते. ते उकळूनही टिकतं. तिथे उपाय एकच, भुगा उचलून घराबाहेर टाकणं. अशा माणसाने पाकीट उघडताना मास्क आणि हातमोजे घालावेत.

मत्स्यटाकीत हिशेब नायट्रोजनचा. एक ग्रॅम, म्हणजे अंदाजे वीस-पंचवीस वाळक्या अळ्या न खाता कुजल्या तर त्यांतल्या अर्ध्या ग्रॅम प्रथिनापासून साधारण ९५ मिलिग्रॅम अमोनिया होऊ शकतो. शंभर लिटरच्या टाकीत हे लिटरमागे जवळजवळ १ मिलिग्रॅम झालं. बोअरचं अल्कधर्मी पाणी असेल तर त्यातला जास्त हिस्सा माशांना विषारी अशा रूपात राहतो. त्यामुळे पाच-दहा मिनिटांत न खाल्लेल्या अळ्या जाळीने काढा. ती जाळी ब्लीचनंतर हायपोच्या (सोडियम थायोसल्फेट, उरलेलं क्लोरीन निकामी करणारं; ब्लीचमधलं हायपोक्लोराइट नव्हे) पाण्यात बुडवून मगच टाकीत घाला. फिल्टरच्या स्पंजला ब्लीच लावू नका, अमोनिया पचवणारे जीवाणू त्यातच राहतात.

कपाटामागे पडलेल्या चार अळ्यांकडेही दुर्लक्ष नको. मुंग्या आणि झुरळं तर येतातच, पण मेलेले कीटक खाणारे डर्मेस्टिड भुंगेरेही येतात. त्यांच्यातल्या काही जातींच्या अळ्या लोकर आणि रेशीम कुरतडतात, म्हणजे शेजारच्या कपाटातली पैठणीही गेली. नवं पाकीट आणलं की आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, त्याने या किड्यांची अंडी मरतात. साल्मोनेला त्या थंडीतही जिवंत राहतो, म्हणून पाकीट घट्ट झाकणाच्या डब्यात घालूनच आत ठेवा, आणि बर्फाच्या ट्रेजवळ नको.