वाटी उरते तेव्हा

"डॉक्टर, हा काही खातच नाही." बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात हे वाक्य रोज ऐकू येतं. मूल बहुतेकदा सव्वा-दीड वर्षाचं असतं. आठव्या महिन्यात वाटीभर खिमट चाटूनपुसून संपवायचा, आता दोन घास झाले की तोंड फिरवतो, असं आई सांगते. दृष्ट काढून झाली, हे आजी सांगते. ज्याच्याबद्दल हे चाललंय तो तेवढ्यात डॉक्टरांचा स्टेथोस्कोप ओढून खाली पाडतो.

या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा वजनाच्या तक्त्यात असतं. जन्मताना 3 किलोचं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण 9 किलोचं होतं. म्हणजे बारा महिन्यांत 6 किलो. पुढच्या अख्ख्या वर्षात मात्र भर पडते ती दोन-अडीच किलोंचीच. वाढीचा वेग निम्म्याहून खाली आला की भूकही थंडावते. शिवाय बाळ नुकतंच चालायला लागलेलं असतं आणि त्याला वरणभातापेक्षा कपाटाखालची अडगळ जास्त महत्त्वाची वाटते. वाटी मात्र वय वाढलं म्हणून आपण मोठी केलेली असते.

मग किती खायचं हे एवढ्याशा जिवाला कळतं का? क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी 1926 साली अमेरिकेत क्लीव्हलँडमध्ये आणि पुढे शिकागोत हाच प्रश्न विचारला. नुकतंच दूध तोडलेली, अजून वरचं काही न चाखलेली एकूण 15 मुलं त्यांनी अभ्यासली. निवडीसाठी पदार्थ होते 34 : धान्यं, फळं, भाज्या, अंडी, मांस, मासे, दूध. साखर नाही, डबाबंद काही नाही. शेजारी नर्स चमचा घेऊन गप्प बसायची. मुलानं एखाद्या पदार्थाकडे हात नेला तरच घास द्यायचा. "हे खा" म्हणायचं नाही, नाक मुरडायचं नाही, कौतुकही करायचं नाही. (आपल्याकडच्या कुठल्या आजीला हे जमलं असतं?) मुलांनी जे केलं त्यानं आहारतज्ज्ञांना घेरी यावी. कुणी न्याहरीला अर्धा लिटर संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली, कुणी रात्री नुसती अंडी, केळी, दूध. तरी सगळी मुलं छान वाढली. मुडदूस झालेल्या एका मुलाच्या ताटात माशाचं तेलही ठेवलं होतं. ते त्यानं हाडं भरून येईपर्यंत आपणहून घेतलं आणि नंतर सोडून दिलं.

हा प्रयोग आज कुणी करू देणार नाही. ही मुलं महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं रुग्णालयातच वाढली. आणि मुलाला सगळं उपजत कळतं, असा निष्कर्ष काढणंही चूकच. डेव्हिसबाईंनी स्वतःच सांगून टाकलं होतं की खरी गोम पदार्थांच्या यादीत आहे. यादीत बिस्किटं नव्हती म्हणून ती निवडता आली नाहीत.

आपल्या घरची यादी तपासायची तर एक सोपा उपाय : कालच्या दिवसात तोंडात गेलेलं सगळं कागदावर लिहायचं. 'काहीच खात नाही' अशा मुलाचा कागद बऱ्याचदा असा निघतो. उठल्याउठल्या बाटलीभर दूध. आजोबांच्या चहाबरोबर दोन बिस्किटं. अकराला पुन्हा दूध, कारण न्याहरी केली नाही. दुपारी चार घास, तेही मोबाइल दाखवून. झोपताना दूध. एवढ्या दुधानंतर भूक लागणार कुठून? त्यात दुधात लोह अगदी कमी. लोह कमी पडलं की रक्त कमी होतं आणि अन्नावरची वासनाही उडते. मूल जेवत नाही म्हणून दूध वाढवायचं आणि दूध वाढलं म्हणून मूल जेवत नाही, असं हे रहाटगाडगं.

काही बाळांची गोष्ट मात्र वेगळी असते आणि ती नखऱ्यांत मोजली तर फसगत होते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भावस्थेच्या 34व्या आठवड्याच्या आसपास जमतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला म्हणूनच नळीनं किंवा वाटी-चमच्यानं पाजावं लागतं. पूर्वी घरोघरी असलेलं बोंडलंही (चोच असलेली छोटी वाटी) अशा बाळांच्या कामी यायचं. पिताना बाळाच्या कपाळाला घाम येतो, दमून मध्येच सोडतं, ओठ निळसर होतात, तर हृदय तपासायला हवं. दर वेळी पिताना ठसका लागत असेल आणि न्यूमोनिया फिरून फिरून होत असेल, तर दूध श्वासनलिकेत उतरत असण्याची शक्यता असते. वजनाचा आलेख सपाट झाला किंवा खाली वळला, तर डॉक्टरांकडे जायला उशीर नको.

आता उरली तोंडाची शाळा. खाणं शिकावं लागतं, हे आपण विसरतो. चार महिन्यांचं बाळ चमचा जिभेनं बाहेर ढकलतं. तो नकार नसतो, प्रतिक्षिप्त क्रिया असते आणि सहाव्या महिन्याच्या सुमारास ती मावळते. लहानपणी ओकारीची उबळ आणणारी जागा जिभेवर बरीच पुढे असते, त्यामुळे भाताचं एखादं शीतही उबळ आणतं. घरातले घाबरतात आणि सगळं पुन्हा मिक्सरमध्ये जातं. उबळीला आवाज असतो, बाळ खाकरतं, लाल होतं. खरोखर घास अडकला तर बाळाचा आवाजच बंद होतो. हा फरक माहीत असला की हात थरथरत नाहीत.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल परिसरात 1991-92 मध्ये जन्मलेल्या हजारो मुलांचा पाठपुरावा अजून चालू आहे. त्यात नऊ महिन्यांनंतर पहिल्यांदा कणीदार खाणं मिळालेली मुलं सातव्या वर्षी फळं-भाज्या कमी खात होती आणि त्यांच्या खाण्याच्या तक्रारीही जास्त होत्या. कदाचित मुळातच अडखळणाऱ्या मुलांना आयांनी कणीदार उशिरा दिलं असेल. तरी मिक्सरची सवय आठव्या-नवव्या महिन्यात सुटलेली बरी. भात चमच्यानं चिरडावा, बटाटा बोटांनी कुस्करावा. नवी भाजी पहिल्या दिवशी थुंकली तर चिमूटभर पुन्हा चार दिवसांनी, पुन्हा आठवड्यानं. आठ-दहा वेळा चाखल्यावर ती ओळखीची होते, कधी पंधरा वेळाही लागतात. आणि मऊ भाताचा एक मुटका बाळाच्या पुढ्यात ठेवावा. अर्धा केसांत जाईल, पाव जमिनीवर, उरलेला तोंडात.