द लॉस्ट वीकएंड

'द लॉस्ट वीकएंड' हा दारूच्या व्यसनावरचा अमेरिकन कृष्णधवल चित्रपट. पॅरामाउंटने तो १९४५ मध्ये पडद्यावर आणला. दिग्दर्शन बिली वाइल्डर यांचे असून पटकथा त्यांनी निर्माते चार्ल्स ब्रॅकेट यांच्यासह लिहिली. चार्ल्स जॅक्सन यांची याच नावाची कादंबरी त्याच्या आदल्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. तोवर हॉलिवूडच्या पडद्यावर दारुड्या यायचा तो बहुधा झोकांड्या खात, उचक्या देत, प्रेक्षकांना हसवायला. या चित्रपटाने त्याच्याकडे आजारी माणूस म्हणून पाहिले.

कथानक सांगायला थोडके आहे. डॉन बर्नम (रे मिलंड) हा न्यूयॉर्कमधला, एक ओळही पुरी न होणारा लेखक. भाऊ विक आणि प्रेयसी हेलन (जेन वायमन) त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा देतात. सुट्टीसाठी गावाकडे जायची तयारी चालू असताना कॅमेरा शहराच्या इमारतींवरून सरकत त्याच्या खिडकीशी येतो, आणि तिथे बाहेरच्या बाजूला दोरीला बांधलेली बाटली लोंबकळत असते. डॉन थापा मारून मागे राहतो. पुढचे काही दिवस तो पितो, आणि पिण्यासाठी पैसे उभे करतो.

चित्रपटाची खरी ताकद या दुसऱ्या कामात आहे. कामवाल्या बाईचे १० डॉलर साखरेच्या भांड्यात ठेवलेले असतात. ती दारात येऊन विचारते, तेव्हा डॉन ते काढून घेतो आणि भांडे रिकामेच होते असे तिला सांगतो. त्या पैशातून आणलेल्या बाटल्या झाकायला पिशवीत वर सफरचंदे ठेवतो. एक बाटली छतावरच्या दिव्यात लपवतो आणि नशेत ते विसरतो. मग सगळे घर उलथेपालथे करून थकल्यावर तिची सावली वर छतावर दिसते. बारच्या काउंटरवर ओल्या ग्लासांची वर्तुळे वाढत जातात आणि ती पुसू नकोस असे तो बारवाल्या नॅटला (हॉवर्ड दा सिल्व्हा) बजावतो. किती प्यायला, हे पात्राने तोंडाने सांगायची गरजच उरत नाही. व्यसनी माणसाची हुशारी कशात खर्च होते, हे इतक्या बारकाईने दाखवणारे प्रसंग त्या काळच्या चित्रपटांत क्वचितच सापडतील.

टाइपरायटर गहाण टाकायला डॉन थर्ड ॲव्हेन्यूने पायपीट करतो तो प्रसंग वाइल्डर यांनी प्रत्यक्ष रस्त्यावर, लपवलेल्या कॅमेऱ्यांनी टिपला. गहाणाची सगळी दुकाने बंद असतात, कारण त्या दिवशी ज्यूंचा योम किप्पूर हा उपवासाचा पवित्र दिवस असतो. आयरिश दुकानदारांकडे जावे तर तीही बंद: योम किप्पूरला आयरिशांनी आणि सेंट पॅट्रिकच्या दिवशी, म्हणजे आयरिशांच्या सणाला, ज्यूंनी दुकान उघडायचे नाही, असा त्यांच्यात समझोता आहे. इतक्या जीवघेण्या प्रसंगातही वाइल्डर यांना विनोद सुचतो. बेलव्ह्यू रुग्णालयातल्या दारुड्यांच्या वॉर्डाचे प्रसंगही अंगावर येतात. घरी परतल्यावर डॉनला भास होतात: भिंतीच्या भेगेतून उंदीर डोकावतो, वटवाघूळ त्या उंदरावर झडप घालते आणि भिंतीवरून रक्ताचा ओघळ उतरतो. आज त्यातले वटवाघूळ थोडे खोटे वाटते; मिलंड यांची किंकाळी मात्र नाही.

छायालेखन जॉन सीट्झ यांचे, संगीत मिक्लोश रोझा यांचे. पहिल्या चाचणी खेळात हे संगीत नव्हते आणि प्रेक्षक चक्क हसले, असे सांगितले जाते. रोझा यांनी थेरेमिन या विजेवर चालणाऱ्या वाद्याचा कापरा, घोंघावता सूर डॉनच्या तल्लफेला जोडला. तो सूर लागला की माणसाचा ताबा सुटू लागला हे कळते.

कादंबरीत डॉनच्या कोंडीमागे समलिंगी आकर्षणाची एक जुनी घटना आहे. तेव्हाच्या हॉलिवूडच्या नियमावलीत ती बसणे शक्यच नव्हते, त्यामुळे पटकथेत फक्त लेखणी अडल्याचे दुःख उरले. शेवटही बदलला. कादंबरीतला डॉन पुढच्या पिण्याची तजवीज करून झोपतो. चित्रपटातला डॉन पेटती सिगारेट दारूच्या ग्लासात टाकतो आणि लिहायला बसायचे ठरवतो. हा शेवट गळ्याखाली उतरत नाही. आधीच्या दीड तासात अशा किती शपथा मोडलेल्या आपण पाहिलेल्या असतात! खुद्द जॅक्सन कादंबरी लिहिली तेव्हा बरीच वर्षे दारूपासून दूर होते, पण पुढे ते पुन्हा तिच्या आहारी गेले.

१९४६ च्या ऑस्कर सोहळ्यात चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता आणि पटकथा असे ४ पुरस्कार मिळाले. त्याच वर्षीच्या पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार ११ चित्रपटांना विभागून देण्यात आला. त्यांत हा होता आणि चेतन आनंद यांचा 'नीचा नगर'ही. २०११ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.